जवळचे तीन गुण, लांबचे दहा

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात फौजदारी न्यायव्यवस्थेवर दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र होतं. मी तिथे शोधनिबंध वाचायला गेले होते. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं जेवणाआधीच वाटली गेली, कारण बाहेरगावच्या मंडळींना गाड्या गाठायच्या होत्या. जेवणानंतर सभागृहात आम्ही नऊ जण उरलो. तुरुंग खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेव्हा बोलायला उभे राहिले. हातात कागद नव्हता, मागे पडद्यावर काही नव्हतं. जामीन मंजूर झालेला माणूस त्याच दिवशी घरी का पोहोचत नाही, एवढंच ते सांगत होते. सुटकेचा आदेश संध्याकाळी फाटकावर येतो, तोवर बराकींची मोजणी होऊन कुलपं लागलेली असतात, म्हणून ती रात्र आतच जाते. सकाळी आदेश उघडून पाहावा, तर त्यात बापाचं नाव एक आणि वॉरंटवर दुसरं. एका वेलांटीचा फरक असतो, पण कागद दुरुस्तीसाठी परत कोर्टात जातो. मध्ये रविवार आला की आणखी एक रात्र.

त्या दोन दिवसांत माझ्या वहीत उतरलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. ती ऐकायला सभागृह रिकामं होतं, याची खंत मला आजही आहे. पण निघून गेलेल्यांना मी दोष देत नाही. विद्वत्ता मोजण्याचं जे माप आपण त्यांच्या हाती दिलं, त्याप्रमाणेच ते वागले.

ते माप काय आहे, ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचा तक्ता आला. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर 10 गुण, राष्ट्रीय परिषदेत साडेसात, राज्य पातळीवर 5, आणि स्थानिक विद्यापीठात किंवा महाविद्यालयात 3. पुढे 2018 मध्ये आकडे बदलले. परदेशातल्या परिषदेला 7, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 5, राष्ट्रीय परिषदेला 3, राज्य किंवा विद्यापीठ पातळीला 2. आकडे उतरले, उतरंड तशीच राहिली. घरापासून जितकं लांब जाऊन बोलाल तितके तुम्ही मोठे विद्वान, असा या तक्त्याचा अर्थ होतो. पदार्थविज्ञानात कदाचित हे चालून जाईल, कारण इलेक्ट्रॉन छत्तीसगडातल्या आमच्या दुर्गमध्ये आणि जिनिव्हात सारखाच वागतो. जामीन मात्र प्रत्येक जिल्ह्यात वेगळा वागतो. फौजदारी न्याय हा एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत, एका कोर्टाच्या आवारात, एका तुरुंगाच्या फाटकावर घडतो किंवा बिघडतो. या विषयाच्या अभ्यासाला लांबीचं माप लावणं हीच मूळची चूक आहे. आपल्या परिषदा आणि पुरस्कार यांची दिशा बदलायची असेल, तर ती याच जागी बदलावी लागेल.

परिषदाच नकोत, असं मी म्हणत नाही. हा विषय परिषदांनीच घडवला आहे. अमेरिकेत गुन्हेगारीशास्त्राच्या प्रमुख संस्थेची सुरुवात 1941 च्या डिसेंबरात ऑगस्ट व्होल्मर यांच्या बर्कली इथल्या घरी झाली. व्होल्मर हे त्या गावचे माजी पोलीसप्रमुख. शिपायानेही विद्यापीठात शिकावं, हा त्यांचा आग्रह होता, आणि आज त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. फौजदारी न्यायाचं शिक्षण देणाऱ्यांची तिथली दुसरी मोठी संस्था 1963 मध्ये सुरू झाली, ती पोलीस-प्राध्यापकांची संघटना म्हणूनच. आपल्याकडेही हा विषय जमिनीपासून लांब जन्मला नाही. 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि आमच्याकडची अपिलं नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. दंडसंहितेवर मोठा ग्रंथ लिहिणारे, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले हरिसिंग गौर यांनी 1946 मध्ये सागरला विद्यापीठ काढलं. तिथे 1959 मध्ये गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञानाचा विभाग उभा राहिला. देशातल्या अगदी पहिल्या विभागांत त्याची गणना होते. 1970 मध्ये मद्रासला भारतीय गुन्हेगारीशास्त्र संस्था स्थापन झाली. एकेकट्या विभागात काम करणाऱ्या माणसांना एकमेकांचं काम कळावं, चुका दिसाव्यात, यासाठी या सगळ्या बैठका गरजेच्या होत्या आणि आहेत.

प्रश्न एवढाच, की या बैठकांत आणायचं काय. दुर्ग जिल्ह्यातल्या भिलाईत राहणाऱ्या माझ्यासारखीला त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

माझे वडील विदर्भातून इथल्या पोलाद कारखान्यात आले. अशी हजारो घरं इथे आहेत. कुणी वर्धेहून, कुणी केरळातून, कुणी बंगालातून, कुणी बस्तरच्या गावातून आलं. भिलाई हे मुळात बाहेरून आलेल्या माणसांचं गाव. अशा गावात फौजदारी कायद्याची एक छोटीशी अट किती मोठी होते, हे दुर्गच्या जिल्हा न्यायालयात एक सकाळ काढली तरी कळतं. तिथे एक म्हातारा मला आठवतो. प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्या आत पुन्हा फडक्यात गुंडाळलेली ऋण पुस्तिका त्याने छातीशी धरली होती. आमच्याकडे शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद त्या पुस्तिकेत असते आणि जामीनदार म्हणून उभं राहायचं तर ती दाखवावी लागते. एकदा जामीन दिला की त्या पानावर तशी नोंद होते. त्या नोंदीची त्याला धास्ती होती, कारण बी-खताच्या कर्जासाठी तीच पुस्तिका सोसायटीत दाखवायची असते. पुतण्याला सोडवायचं की पेरणी करायची, हा प्रश्न त्या फडक्यात बांधलेला होता. आणि ज्याच्याकडे अशी पुस्तिकाच नाही, ज्याची जमीन ओडिशात किंवा बिहारात आहे, त्या कंत्राटी मजुराचं काय होतं, ते त्या आवारात रोज दिसतं.

आता या प्रश्नाचा इतिहास पाहा. 1978 मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. मोतीराम गवंडी होता. जामीन मंजूर झाला, पण दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडीत काढली आणि गरिबाच्या ऐपतीबाहेरचा जामीन म्हणजे जामीन नाकारणंच, हे ठणकावलं. तेव्हा दुर्ग मध्य प्रदेशातच होतं, म्हणजे तो निकाल आमच्याच राज्याला उद्देशून होता. पुढे 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा निर्देश काढावे लागले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पाठवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. आणि सुटकेला उशीर होण्याचं एक कारण स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे असल्याने ती अट घालू नये. म्हणजे 45 वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे अशी. या आकड्यावर दरवर्षी निबंध वाचले जातात. 1978 चा निकाल प्रत्येक पुस्तकात आहे, प्रत्येक परीक्षेत विचारला जातो. मग ते ज्ञान वर्गातून कोर्टाच्या टेबलापर्यंत पोहोचताना कुठे सांडतं? वकिलाच्या घाईत, रीडरच्या छापील नमुन्यात, की दंडाधिकाऱ्याच्या सवयीत? हे शोधायला एका जिल्ह्यात, एका कोर्टात, वर्षभर नोंदी ठेवत बसावं लागेल. शास्त्र म्हणतात ते हेच. आणि आपल्या तक्त्यात या कामाची किंमत सगळ्यात तळाशी आहे.

दुसरा खटलाही इथलाच. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीत शंकर गुहा नियोगी झोपेत असताना खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांची संघटना उभारणारे नियोगी तेव्हा भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी लढत होते. आपला खून होईल, असं त्यांना वाटत होतं आणि ते त्यांनी ध्वनिफितीवर बोलून ठेवलं होतं. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. जून 1997 मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने उद्योगपतींसह सहा जणांना दोषी ठरवलं. गोळी झाडणाऱ्याला फाशी, बाकीच्यांना जन्मठेप. वर्षभराने जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. 20 जानेवारी 2005 ला सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली आणि बाकीच्यांची सुटका कायम ठेवली.

पुरावा तोच, तीन न्यायालयं, तीन निष्कर्ष. यात कुणाचा निकाल बरोबर, हे सांगणं माझं काम नाही. शिक्षक म्हणून मला एवढं दिसतं, की पुराव्याचा कायदा शिकवायला याहून चांगला धडा दुसरा मिळणार नाही. मृत माणसाने आधी व्यक्त केलेली भीती पुरावा म्हणून कुठवर ग्राह्य? झडती नियमाप्रमाणे झाली नाही, तर तिच्यात सापडलेली वस्तू बाद होते का? कट सिद्ध करायला परिस्थितीचे दुवे किती घट्ट लागतात? मराठी वाचकाला हा शेवटचा प्रश्न परका वाटणार नाही. 10 मे 2024 ला पुण्याच्या न्यायालयाने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाबद्दल गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि इतर तिघांना सोडलं. खून 20 ऑगस्ट 2013 चा. भिलाई आणि पुणे, दोन्ही ठिकाणी शिक्षा बंदूक धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचून थांबली. त्याच्या मागे कुणी होतं का, असेल तर ते सिद्ध का करता आलं नाही? तपास कमी पडला, कायदा तोकडा आहे, की संशयाचा फायदा देण्याचं तत्त्व आपण जपतो आहोत आणि त्याची ही किंमत आहे? या दोन खटल्यांची कागदपत्रं शेजारी ठेवून वाचणारी परिषद दुर्गला किंवा पुण्याला भरावी, असं मला मनापासून वाटतं. तिथे विशेषणं बाजूला ठेवून दोषारोपपत्रं वाचली जावीत.

स्थानिक म्हणजे संकुचित, असा आक्षेप यावर येईल. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि तेही जवळचंच. दुर्गहून मुंबई लाइनने गोंदियाला जावं आणि तिथून चांदाफोर्टच्या गाडीने वडसा. वडसा म्हणजेच देसाईगंज. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 मार्च 1972 च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर एका पोलिसाने बलात्कार केल्याची आणि दुसऱ्याने तिचा विनयभंग केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये आरोपींना सोडलं. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. तिने धाकामुळे मुकाट राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या खंडपीठाने ओळखलं होतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष निघाला.

16 सप्टेंबर 1979 ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. फौजदारी प्रक्रियेवरचं केळकरांचं पुस्तक आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतं. वसुधाताईंनी पुढे आयुष्यभर कायदा गरिबांपर्यंत नेण्याचं काम केलं. या चौघांनी निकालातला एकेक तर्क उलगडून तपासला. संमती आणि शरणागती यांत फरक आहे, हे दाखवलं. ठाण्याच्या चार भिंतींत, रात्री, दोन गणवेशांसमोर उभ्या असलेल्या गरीब मुलीला नाही म्हणण्याची ताकद किती असते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला विचारला. फेरविचाराची याचिका फेटाळली गेली, पण देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीने सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालय गृहीत धरील, हे कलम पुरावा कायद्यात आलं.

भारतातल्या फौजदारी न्यायाच्या अध्यापनाने दिलेलं इतकं मोलाचं लेखन मला तरी दुसरं आठवत नाही. ते कुठल्या परिषदेत वाचलं गेलं नव्हतं. 2010 च्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही. देसाईगंजच्या एका ठाण्यातली एक रात्र त्या चौघांनी नीट वाचली, म्हणून देशाचा कायदा बदलला. जवळून पाहिलेल्या गोष्टीत सगळ्या देशाचं सत्य असू शकतं, एवढं मान्य केलं तर लांबी मोजायची गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि मी तो गंभीरपणे घेते. आपल्याच गावच्या ठाण्यावर, आपल्याच कोर्टावर लिहिणं अवघड असतं. तिथेच राहायचं असतं, तिथल्याच वकिलाकडे जायचं असतं, मुलं तिथल्याच शाळेत असतात. स्वीडनमधल्या तुरुंगांवर भिलाईत निबंध वाचला तर कुणी दुखावत नाही. म्हणून विषय लांबचे निवडले जातात, आणि यात भित्रेपणाइतकाच शहाणपणाही असतो. पुरस्काराची खरी गरज इथेच आहे. स्टॉकहोमचा गुन्हेगारीशास्त्राचा पुरस्कार 2006 पासून दिला जातो. पहिल्याच वर्षी तो मिळालेल्यांत जॉन ब्रेथवेट होते. गुन्हेगाराला कायमचं हाकलून देण्याऐवजी समाजात परत कसं घ्यावं, याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्या सन्मानाने असं काम करणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांना बळ मिळालं. आपल्याकडेही पुरस्काराने पाठीवर थाप मारण्यापेक्षा पाठ राखावी. दुर्गच्या तुरुंगातल्या सुटकेच्या वेळा वर्षभर नोंदवणाऱ्या तरुण अध्यापिकेला उद्या कुणी विचारलं, की तुला हे उद्योग कुणी सांगितले, तर तिच्यामागे एक मान्यवर संस्था उभी आहे, हे दिसलं पाहिजे.

आणि भाषा. केंद्रीय गृहखात्याच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोचा गोविंद वल्लभ पंत पुरस्कार पोलीसविषयक हिंदी पुस्तकांसाठी आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण परिषदांचं व्यासपीठ अजून इंग्रजीच आहे. आमच्याकडे साक्षीदार छत्तीसगढीत बोलतो, बयान हिंदीत उतरतं, अपिलात ते इंग्रजीत वाचलं जातं. आपल्या मराठीतच पाहा. 'त्यानं त्याला मारलं' या वाक्यात मारहाणही आहे आणि खूनही. भारतीय न्याय संहितेत एकाला कलम 115 आणि दुसऱ्याला 103. कोणतं, हे साक्षीदाराच्या हातवाऱ्यावरून, आवाजावरून कळतं आणि टंकलेखकाच्या एका शब्दात हरवू शकतं. या विषयावर संशोधन करायचं तर ते छत्तीसगढी, गोंडी, मराठी कळणाऱ्यानेच करावं लागेल, आणि ते त्या भाषांत मांडायची मुभा हवी.

नवे तिन्ही फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले. भिलाईत 1 जुलैला आधीच एक अर्थ आहे. 1992 च्या 1 जुलैला पॉवरहाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात मेलेल्यांच्या स्मरणाला दरवर्षी माणसं तिथे जमतात. त्या दिवशी एक पोलीस अधिकारीही मारला गेला होता. नव्या संहितांवर देशभर शेकडो चर्चासत्रं झाली, पुढेही होतील. जमाव पांगवण्याचे अधिकार, बळाच्या वापराची मर्यादा, नंतरची चौकशी, या कलमांची चर्चा त्या फलाटापासून दोन किलोमीटरवर होत असेल, तर तिथे उभं राहिलेल्या कामगारालाही बोलवावं आणि त्या काळी बंदोबस्तावर असलेल्या शिपायालाही.

माझी मागणी छोटी आहे. गुणांच्या तक्त्यातून अंतर काढून टाका. निबंध कुठे वाचला, याऐवजी कुठल्या नोंदींवर उभा आहे, ते विचारा. पुरस्काराच्या निवड समितीत प्राध्यापकांबरोबर एक तुरुंग अधिकारी, एक कोर्टातला रीडर आणि निर्दोष सुटलेला एक माजी कच्चा कैदी असू द्या. पुरस्कार निबंध वाचल्यावर लगेच देऊ नका. दोन वर्षं थांबा आणि त्या निबंधामुळे एखाद्या ठाण्यातला छापील नमुना बदलला का, एखाद्या तुरुंगातली एक रात्र वाचली का, ते बघा. चारही गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी हल्ली एकच वही करायला सांगते. जामिनाचा आदेश किती वाजता झाला, तो फाटकावर किती वाजता पोहोचला, आणि माणूस किती वाजता बाहेर आला. तीन रकाने. मुलं तुरुंगाच्या बाहेर, चहाच्या टपरीजवळ, नातेवाइकांच्या शेजारी बसून ते भरतात. एका मुलीने परवा स्वतःहून चौथा रकाना आखून आणला: जामीनदार कोण, आणि त्याने काय गहाण ठेवलं. तो रकाना पाहताना मला फडक्यात बांधलेली ती पुस्तिका आठवली.

पुढचं चर्चासत्र भरवायची जबाबदारी माझ्यावर आली तर पहिलं सत्र त्या निवृत्त तुरुंग अधिकाऱ्यांचं असेल, सकाळी दहाला, भरलेल्या सभागृहात. त्यांच्यानंतर ती मुलगी तिची वही वाचेल. प्रमाणपत्रं त्यानंतर वाटू.